आधी वाचा, मग बदला

समुद्रपुरातल्या एखाद्या गच्चीवरून पाहिलं की गावभरच्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून बसल्यासारख्या दिसतात. जवळ जाऊन पाहावं तर त्यांचं एकमत नसतं. टाटा प्लेची छत्री जवळपास दक्षिणेलाच, उत्तरेपासून मोजलं तर १६९ अंशांवर पाहते. डीटूएचची १५६ वर. डीडी फ्री डिशची १४४ वर, म्हणजे वरोरा उजव्या हाताला आणि चिमूर डाव्या हाताला ठेवून. डिश टीव्हीची त्याहूनही तीनेक अंश पूर्वेला. हे आकडे समुद्रपूरचे आहेत. पुण्यात ते वेगळे येतील. गाव साधारण २०.६ उत्तर अक्षांशावर, ७९ पूर्व रेखांशाच्या किंचित अलीकडे आहे. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत, ८३, ८८, ९३.५ आणि ९५ अंश पूर्वेला. एवढ्या माहितीवर शाळेतली त्रिकोणमिती वापरून हे कोन काढता येतात, आणि या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ते काढून दाखवले आहेत.

पुस्तक सॉफ्टवेअरचं आणि सुरुवात कोनांची, याचं कारण साधं आहे. लिनक्सवर चालणाऱ्या रिसिव्हरमध्ये वाहिन्यांची यादी ज्या फाइलीत असते, ती उघडली तर त्यात ९३५ हा आकडा सापडतो. दशांश चिन्ह काढलेलं ते ९३.५ आहे. त्याच ओळीत ११०९०००० दिसतं, ती किलोहर्ट्‌झमधली फ्रिक्वेन्सी. पुढे २९५०००००, तो सिम्बॉल रेट. त्यापुढचा १ म्हणजे उभं ध्रुवीकरण. गच्चीवर नट सैल करून, डोळे बारीक करून जे जुळवलं जातं, तेच खाली खोक्यात साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, की कंपनीचा माणूस नागपुराहून यावा लागत नाही.

या पुस्तकाचं सारं म्हणणं याच ओळीत आहे. लिनक्स रिसिव्हर हवा तसा बदलता येतो म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. आमच्या मते त्याचा मोठा गुण वाचता येणं हा आहे. जो वाचून बदलतो त्याचं खोकं वर्षानुवर्षं चालतं. जो न वाचता बदलतो तो दर महिन्याला नवं सॉफ्टवेअर मारतो आणि दर महिन्याला नव्या अडचणीत सापडतो.

आपल्या भागात ही खोकी आली कशी, ते थोडक्यात सांगायला हवं. केबलच्या तारेला दाट वस्ती लागते. छत्रीला फक्त मोकळं आकाश लागतं. समुद्रपूर तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शेतांमध्ये विखुरलेली गावं आहेत. तिथे छत्री पोचणार हे उघडच होतं. देशात खाजगी डीटीएच सुरू केलं डिश टीव्हीनं, ऑक्टोबर २००३ मध्ये. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय (आजचं टाटा प्ले), २००८ मध्ये बिग टीव्ही आणि एअरटेल, २००९ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनची डीटूएच. ही डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. दूरदर्शनच्या सेवेचं नाव २०१४ मध्ये डीडी फ्री डिश झालं. ही सेवा ज्यावर होती त्या, मार्च २००७ मध्ये सुटलेल्या इन्सॅट-४बी या उपग्रहाला २०१० मध्ये सौर पॅनेलच्या बिघाडानं ग्रासलं. पुढे ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून जीसॅट-१५ गेला आणि ९३.५ अंशांवर स्थिरावला. आज आपली मोफत छत्री पाहते ती याच दिशेला.

या सगळ्या कंपन्यांच्या खोक्यांत एक गोष्ट समान होती: ती आतून बंद होती. सॉफ्टवेअर उपग्रहावरून रात्रीतून उतरे आणि सकाळी मेन्यूचा रंग बदललेला दिसे. काय बदललं, का बदललं, हे पाहायला जागाच नव्हती. कंपनी बदलली की जुनं खोकं माळ्यावर जाई. मार्च २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांत एका कंपनीचं खोकं दुसरीच्या सेवेला चालावं अशी अपेक्षा होतीच. एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं पुन्हा तशी शिफारस केली. माळे मात्र भरतच राहिले.

फ्री डिश या चित्राला अपवाद ठरली. तिच्या एमपेग-२ वाहिन्या कुलूपबंद नाहीत. प्रमाण डीव्हीबी-एस पद्धतीचा कोणताही रिसिव्हर त्या दाखवतो, मग तो हिंगणघाटच्या दुकानातला साधा खोका असो, लिनक्सवाला ड्रीमबॉक्स असो किंवा जुन्या संगणकात बसवलेलं ट्यूनर कार्ड. एमपेग-४ भागासाठी आयकॅस ही भारतीय बनावटीची कुलूपप्रणाली आणली गेली, त्यामुळे तिथे अधिकृत खोकं लागू शकतं. तरीही उघड्या वाहिन्या भरपूर उरतात. समुद्रपुरात लिनक्स रिसिव्हर वापरायचा तर कायदेशीर, बिनखर्ची आणि शिकायला सोयीचा रस्ता हाच आहे. या पुस्तकातली बहुतेक उदाहरणं म्हणूनच ९३.५ अंशांवरची आहेत.

आता हे उघडं खोकं आलं कुठून? त्याची सुरुवात जर्मनीत झाली. तिथल्या किर्श समूहाच्या प्रीमियर वाहिनीसाठी नोकिया, सागेम आणि फिलिप्स यांनी डी-बॉक्स २ नावाचं खोकं बनवलं होतं. त्याचं मूळ सॉफ्टवेअर संथ होतं आणि लोक वैतागले होते. २००० च्या सुमारास काही हौशी प्रोग्रामरांनी त्यावर लिनक्स चढवलं. त्या प्रयत्नाला टक्सबॉक्स हे नाव मिळालं आणि त्यातून न्यूट्रिनो आणि एनिग्मा हे दोन चेहरे तयार झाले. मग ड्रीम मल्टिमीडिया या जर्मन कंपनीनं विचार केला की लोक एवढ्या खटपटीनं जे करताहेत, ते दुकानातूनच का विकू नये? डीएम ७००० हा पहिला ड्रीमबॉक्स त्यातून आला. पुढे डीएम ७०२५ बरोबर एनिग्मा२ आलं, आणि २०१० च्या आसपास कोरियातल्या व्हीयू प्लसनं तीच वाट धरली. ओपनपीएलआय, ओपनएटीव्ही, ओपनव्हिक्स ही आज ऐकू येणारी नावं याच एनिग्मा२ भोवती स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या संचांची आहेत.

या कथेला समांतर दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती जास्त महत्त्वाची ठरली. बर्लिनच्या कन्व्हर्जन्स या छोट्या कंपनीत डीव्हीबी उपकरणांशी लिनक्सनं कसं बोलायचं याचे नियम ठरले. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये ते नियम मूळ गाभ्याचा भाग झाले. तेव्हापासून ट्यूनर कुठल्याही कंपनीचा असला तरी लिनक्सला तो सारखाच दिसतो: लहरी पकडणारा फ्रंटएंड, त्यातून हवी ती वाहिनी वेगळी काढणारा डीमक्स आणि रेकॉर्डिंगसाठी डीव्हीआर. ड्रीमबॉक्सवर शिकलेलं ज्ञान रास्पबेरी पायला यूएसबी ट्यूनर जोडून टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर चालवतानाही कामी येतं. २०१७ पासून डीटीएच कंपन्यांनी आणलेले अँड्रॉइड टीव्हीचे खोकेही लिनक्सच्याच गाभ्यावर उभे आहेत. त्यांची दारं बंद असली तरी आतली रचना ओळखीची असते.

ती रचना समजून घेणं हा पुस्तकाचा पहिला भाग आहे. सर्वांत वर छत्री आणि तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा एलएनबी. त्याखाली केबल आणि ट्यूनर. मग ट्यूनरचा ड्रायव्हर आणि लिनक्सचा गाभा. त्यावर एनिग्मा२, ज्याचा वेगवान भाग सी++ मध्ये आणि पडद्यावर दिसणारा बराचसा भाग पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. सर्वांत शेवटी स्किन, म्हणजे रंगरूप, आणि प्लगइन, म्हणजे हौसेनं जोडलेल्या सोयी. लोकांची तक्रार जवळजवळ नेहमी शेवटच्या थरात ऐकू येते, कारण डोळ्यांना दिसतो तो तेवढाच. दोष मात्र कुठल्याही थरात असू शकतो.

ग्राहकाचं वाक्य ठरलेलं असतं: "सिग्नलच येऊन नाही राहिला, भाऊ." या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. तिसऱ्या प्रकरणात ते एकेक करून सोडवले आहेत. त्यातले दोन इथे नमुन्यादाखल घेतो.

पहिला शेजारच्या उपग्रहाचा. ६० सेंटिमीटरची छत्री या फ्रिक्वेन्सीला साधारण तीन अंशांचा आकाशाचा तुकडा पाहते. मध्यापासून दीड अंश सरकली की ताकद निम्म्यावर येते. आणि ९३.५ च्या पूर्वेला दीड अंशावरच, ९५ वर, डिश टीव्हीचा उपग्रह आहे. वानरांच्या उड्यांनी किंवा मे महिन्याच्या वावटळीनं छत्री जराशी फिरली की पडद्यावरची पट्टी अजूनही भरलेली दिसते आणि वाहिनी मात्र एकही लागत नाही. साध्या खोक्यापुढे बसलेला माणूस इथे हमखास फसतो आणि एलएनबी बदलून पाहतो. लिनक्स रिसिव्हरवर दोन गोष्टी वाचता येतात. पहिली म्हणजे ती भरलेली पट्टी बहुधा एजीसीची असते. ती फक्त 'वरून काहीतरी येतंय' एवढंच सांगते. कामाचा आकडा एसएनआरचा, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, हा आहे. दुसरी म्हणजे प्रत्येक उपग्रह आपल्या प्रवाहात एनआयटी नावाचा तक्ता सतत पाठवत असतो आणि त्यात स्वतःची कक्षा लिहिलेली असते. एखादी फ्रिक्वेन्सी लॉक झाली की तो तक्ता उघडून पाहायचा. तिथे ९५ दिसलं तर शिडी लावायची; सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही.

दुसरा एलएनबीच्या आकड्याचा. युनिव्हर्सल एलएनबी खालच्या पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करून ती केबलमधून खाली पाठवतो. ११०९० मधून ९७५० गेले की १३४० मेगाहर्ट्‌झ उरतात. ट्यूनरला ९५० ते २१५० पर्यंतचं ऐकू येतं, म्हणजे हे आरामात आत बसतं. पण सेटिंगमध्ये चुकून १०६०० हा एकच आकडा निवडला गेला, तर रिसिव्हर ४९० वर शोधू लागतो. तिथे त्याचा ट्यूनर बहिराच असतो. छत्री बरोबर, केबल बरोबर, एलएनबी बरोबर आणि पडदा काळा. हा दोष शिडीवर चढून कधीच सापडत नाही. सेटिंग वाचून आणि एक वजाबाकी करून सापडतो. उभ्या ध्रुवीकरणासाठी एलएनबीला १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८ व्होल्ट आणि ११७०० च्या वरच्या पट्ट्यासाठी २२ किलोहर्ट्‌झचा सूर लागतो, हेही याच हिशेबात येतं. निम्म्या वाहिन्या येतात आणि निम्म्या येत नाहीत, अशी तक्रार असेल तर बहुधा यातलंच एखादं कारण असतं.

काही आजारांवर औषध नसतं. ते ओळखून थांबावं लागतं. पावसाळ्यात काळा ढग चढला की केयू बँडचा, म्हणजे या छत्र्यांच्या फ्रिक्वेन्सीचा, सिग्नल बसतो. त्याची तरंगलांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असल्यानं मोठ्या थेंबांत तो अडतो. पाऊस ओसरला की आपोआप परततो. त्याहून कमी लोकांना माहीत असलेला प्रकार सूर्याचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस समुद्रपुरातून पाहिलं तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. ९३.५ साठी ती वेळ सकाळी अकराच्या आगेमागे पडते. काही मिनिटं छत्रीत सूर्याचाच गोंगाट भरतो. अशा वेळी मेकॅनिकला बोलावलं की तो येईपर्यंत टीव्ही चालू झालेला असतो, आणि त्यानं काही न करता पैसे घेतले असं घरच्यांना वाटतं. १ एप्रिललाही असंच होतं. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागा वर्षाच्या कराराच्या असतात, त्यामुळे त्या तारखेला बऱ्याच वाहिन्या जागा बदलतात किंवा जातात. खोकं बिघडलेलं नसतं. फक्त पुन्हा स्कॅन करायचं असतं.

खोक्याच्या आतले आजार वेगळे. आपल्या भागातला सर्वांत मोठा शत्रू वीज आहे. भारनियमन, मोसमी वादळं, शेतीपंप सुरू होताच कमी-जास्त होणारा दाब, हे सगळं रिसिव्हरच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरवर आणि फ्लॅश मेमरीवर निघतं. फर्मवेअर टाकत असताना वीज गेली तर खोकं लोगोवरच अडकून पडतं. म्हणून इन्व्हर्टरशिवाय फ्लॅशिंग करू नये, हे पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं आहे. घड्याळाचा दोषही यातूनच येतो. बऱ्याच खोक्यांना वेळ उपग्रहाकडून किंवा इंटरनेटवरून मिळते. दोन्ही नसले की तारीख १ जानेवारी १९७० वर जाऊन बसते. मग टायमर चालत नाहीत आणि सुरक्षित संकेतस्थळांचे दाखले 'अजून सुरूच झाले नाहीत' असं समजून प्लगइन डाउनलोड नाकारतात. माणूस प्लगइनला दोष देतो. दोष घड्याळात असतो, आणि घड्याळाचा दोष छत्रीत.

जागेचा प्रश्नही असाच फसवा. डीएम ८०० मध्ये फक्त ६४ एमबी फ्लॅश होती. त्यात दोन भरजरी स्किन, वाहिन्यांच्या बोधचिन्हांचा संच आणि पाच-सहा प्लगइन भरले की जागा संपते. मग सेटिंग जतन होत नाहीत, आणि प्रत्येक वेळी सुरू केल्यावर खोकं सगळं विसरतं. डीएफ ही एक आज्ञा दिली की किती जागा उरली ते दोन ओळींत कळतं. चिन्हं पेनड्राइव्हवर हलवली की त्रास संपतो.

आणि सर्वांत घाबरवणारा प्रकार म्हणजे पडद्यावर येणारा माफीचा संदेश. रिसिव्हरला सॉफ्टवेअरची अडचण आली, तो पुन्हा सुरू होतो आहे, असं तो सांगतो. बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि सगळं पुसून नवं सॉफ्टवेअर मारतात. खरं तर याच क्षणी खोक्यानं तुमच्यासाठी एक फाइल लिहून ठेवलेली असते. त्या क्रॅश लॉगच्या शेवटच्या दहा-पंधरा ओळींत कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीवर काम अडलं ते स्पष्ट असतं. गेल्या काही वर्षांत त्यात सर्वांत जास्त दिसणारं कारण पायथॉनचं आहे. पायथॉन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला आणि एनिग्मा२ चे संच हळूहळू पायथॉन ३ वर गेले. जुन्या व्याकरणात लिहिलेलं प्लगइन नव्या संचावर टाकलं की ते पहिल्याच ओळीला कोलमडतं. इलाज एवढाच की टेलनेटनं आत शिरायचं, ते एक प्लगइन काढायचं आणि एनिग्मा२ पुन्हा सुरू करायचं. पुसून नवं सॉफ्टवेअर मारणाऱ्यानं तेच प्लगइन पुन्हा टाकलं तर त्याची संध्याकाळ पुन्हा तिथेच जाते.

आता बदलण्याकडे वळू, कारण पुस्तकाचा दुसरा भाग त्यालाच दिला आहे. घरोघरी खरंच उपयोगी पडणारा बदल चकचकीत स्किनचा नसतो, यादीचा असतो. स्कॅन केल्यावर फ्री डिशच्या वाहिन्या ज्या क्रमानं येतात त्यात सह्याद्री शोधायला आजीला रिमोट झिजवावा लागतो. एनिग्मा२ मध्ये वाहिन्यांचे गट करता येतात. त्यांना बुके म्हणतात आणि प्रत्येक बुके ही साधी मजकुराची फाइल असते. मराठीचा एक गट, बातम्यांचा एक, मुलांच्या अभ्यासाचा एक, आणि शेतीचा एक, ज्यात मे २०१५ मध्ये सुरू झालेली डीडी किसान आणि सह्याद्री शेजारी शेजारी बसतात. दिवसभर वावरात असलेल्या माणसासाठी टायमर लावून शेतीचा कार्यक्रम पेनड्राइव्हवर उतरवता येतो. या फाइली घरच्या संगणकावर उघडून सुधारता येतात, एका खोक्यातून दुसऱ्यात नेता येतात, आणि जपून ठेवता येतात. प्रत्येक नोंदीत उपग्रहाची ओळख सोळाच्या पायात लिहिलेली असते. ९३५ तिथे ०३ए७ असं दिसतं. ते ओळखता आलं की दुसऱ्याकडून आणलेली यादी आपल्या छत्रीला का चालत नाही, हे विचारावं लागत नाही.

मराठी अक्षरांचा विषय थोडा सविस्तर घेतला आहे, कारण परदेशी पुस्तिकांमध्ये तो नसतोच. कार्यक्रमाचं नाव उपग्रहावरून येतं तेव्हा ते कोणत्या अक्षरसंचात आहे हे सांगणारी एक खूण आधी येते. डीव्हीबीच्या नियमाप्रमाणे पहिला बाइट सोळाच्या पायात १५ असेल तर पुढचा मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो. खूणच चुकीची किंवा गाळलेली असेल तर पडद्यावर चौकोन आणि विचित्र चिन्हं दिसतात, आणि तिथे आपला फॉन्ट निर्दोष असतो. खूण बरोबर असूनही चौकोन येत असतील, तर खोक्यात देवनागरी फॉन्ट नाही. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित हा मुक्त फॉन्ट तिथे टाकता येतो. आणि फॉन्ट असूनही पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत असेल, जोडाक्षरं तुटत असतील, तर अडचण त्याच्याही खाली आहे. अक्षराचा आकार काढण्याचं काम फ्रीटाइप करतं, पण देवनागरीची जुळणी करायला हार्फबझसारखी वेगळी लायब्ररी लागते. ती जोडलेली नसेल तर कोणताही फॉन्ट टाकून उपयोग नाही. एकाच तक्रारीची तीन कारणं, तीन वेगळ्या थरांत. कोणता थर आहे हे ठरवल्याशिवाय फॉन्टमागून फॉन्ट टाकत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

पुस्तकात काय नाही, तेही सांगायला हवं. या खोक्यांची बदनामी पैशाच्या वाहिन्या फुकटात दाखवण्यामुळे झाली. एका कार्डाच्या किल्ल्या इंटरनेटवरून वाटून घेण्याचा धंदा युरोपात फोफावला आणि आपल्याकडेही त्याची गिऱ्हाइकं आहेत. तो बेकायदा आहे आणि या पुस्तकात त्याला जागा नाही. त्या वाटेनं जाणाऱ्याच्या खोक्यात अनोळखी माणसाचं सॉफ्टवेअर सर्वाधिकारासह बसतं, हा त्याचा दुसरा तोटा. नकली डीएम ५०० आणि डीएम ८०० बद्दलही सावध केलं आहे. स्वस्तात मिळालेल्या अशा खोक्यावर मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर टाकताना ते कायमचं बंद पडू शकतं.

सुरक्षेचं एक प्रकरण मात्र सगळ्यांनी वाचावं. यातले बरेच संच मुख्य वापरकर्त्याला पासवर्डच न ठेवता येतात. घरातल्या राउटरच्या आड ते खपून जातं. पण कामासाठी पुण्यात राहणाऱ्या मुलानं गावातला रिसिव्हर तिथून चालवायचा म्हणून राउटरमध्ये दार उघडून ठेवलं, तर ते दार साऱ्या जगाला उघडं होतं. पासवर्ड ठेवणं हे एका आज्ञेचं काम आहे. दुरून पोचायचं असेल तर व्हीपीएन वापरावा.

हे पुस्तक कुणासाठी? पहिला वाचक समुद्रपूर, हिंगणघाट, जाम, गिरड, मांडगाव इथे छत्र्या बसवणारा तरुण. जामच्या चौरस्त्यावरून तासा-दीड तासात नागपूर गाठता येतं, पण प्रत्येक खोकं तिथे नेणं परवडत नाही, आणि नेलं तरी सर्व्हिस सेंटरचं उत्तर बहुधा 'नवीन घ्या' हेच असतं. ज्याला लॉग वाचता येतो तो त्या फेऱ्या वाचवतो आणि नवा धंदाही उभा करतो. दुसरा वाचक आयटीआयचा किंवा संगणकाचा विद्यार्थी. लिनक्स शिकायला त्याला महागडा सर्व्हर लागत नाही. फायली, परवानग्या, प्रक्रिया, नेटवर्क, पॅकेज, लॉग, हे सगळं टीव्हीखालच्या खोक्यात आहे, आणि चूक झाली की घरातले लगेच सांगतात. तिसरा वाचक ज्याच्या घरी असं खोकं आहे आणि ज्याला ते बिघडवायची भीती वाटते. त्यानं भीती सोडावी, फक्त पहिल्या दिवशी पूर्ण बॅकअप घ्यावा. बॅकअप असला की सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक चुका अर्ध्या तासात परत फिरवता येतात.

लिनक्सच्या गाभ्याला जीपीएल हा परवाना आहे. जो कुणी लिनक्स भरलेलं खोकं विकतो, त्यानं त्या गाभ्याची मूळ संहिता मागणाऱ्याला दिली पाहिजे, हा त्याचा नियम. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं एका राउटर कंपनीविरुद्ध हा परवाना बंधनकारक मानला. संहिता मागण्याचा हा हक्क बर्लिनच्या अभियंत्याला जितका आहे तितकाच समुद्रपुरातल्या ग्राहकालाही आहे. हक्क कागदावर असून पुरत नाही; तो वापरायला वाचता यावं लागतं. पुढची प्रकरणं त्याच सवयीसाठी लिहिली आहेत. प्रत्येकाच्या शेवटी एक रिकामं पान आहे: तक्रार काय होती, कोणता थर तपासला, काय वाचलं, काय बदललं. पहिले तीन रकाने भरल्याशिवाय चौथा भरू नका.